वहीवाला

विभागाची नवी वेबसाइट शुक्रवारी सुरू व्हायची होती आणि सोमवार उजाडला तरी अकरा प्राध्यापकांपैकी चौघांनीच आपली माहिती पाठवली होती. माहिती तरी काय, तर पदव्या कुठून घेतल्या आणि संशोधनाच्या आवडी कोणत्या, जास्तीत जास्त पाच. ज्यांनी उभा जन्म परक्यांच्या दारात बसून 'घरात खाणारी तोंडं किती, भांडणं कशावरून होतात, सासू-सून एकमेकींशी बोलतात का' असलं विचारण्यात घालवला, त्यांना स्वतःबद्दल दहा ओळी लिहायच्या म्हटल्या की भलतीच कामं आठवत होती.

ही माहिती गोळा करायचं काम ऑफिसबाईंचं. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र विभागाच्या कार्यालयात त्यांना चौदा वर्षं झाली होती, आणि चौदा वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. ज्याला माणसं कळत नाहीत, तो माणसांचं शास्त्र शिकवायला घेतो. हे मत त्या कुणाला सांगत नसत. पगार त्याच शास्त्रावर निघत होता.

मत बनायला पुरावा भरपूर होता. 'नातेसंबंध आणि वंशावळी' ही ज्यांची पहिली आवड, त्या प्राध्यापकांना जंगलातल्या कुठल्याशा टोळीची सात पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ होती. पण त्यांचा सख्खा साडू तासभर कार्यालयात ताटकळून त्यांच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याला 'आपलं काय काम होतं?' असं विचारलं. 'भेटवस्तू आणि देवाणघेवाण' शिकवणाऱ्यांनी चौदा वर्षांत कुणाला अर्धा कप चहा पाजलेला नव्हता. 'गर्दीचं वर्तन' अभ्यासणारे प्राध्यापक व्हरांड्यात तीन विद्यार्थी दिसले की मागच्या जिन्याने उतरत. एकांनी शैक्षणिक पार्श्वभूमीत दोन डॉक्टरेट लिहिल्या होत्या आणि दुसरीपुढे बारीक अक्षरात 'अपूर्ण'. बाईंनी ते वाचून मनातल्या मनात दीड असा आकडा धरला आणि पुढचा कागद घेतला.

पुढचा कागद विभागप्रमुखांचा होता आणि तो एक नव्हता, चार होते. विभागप्रमुखांना कार्यालयात सगळे मौनाचार्य म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. नाव पडलं ते त्यांच्या विषयावरून, स्वभावावरून कुणी ठेवलंच नसतं. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरायची. त्यांच्या पाच आवडी अशा होत्या: प्रभातमौन, कामगार वस्तीतील मौनाचे विधी, स्त्रिया आणि मौन, 'मौन: एक पुनर्विचार', आणि ऐकण्याची कला.

प्रभातमौन म्हणजे काय, हे विभागातल्या शिपाईमामांनाही पाठ होतं. चौतीस वर्षांपूर्वी तरुण मौनाचार्य एका रंगकारखान्याच्या मागच्या गल्लीत अठरा महिने रोज सकाळी वही घेऊन गेले. तिथे त्यांना असं दिसलं की बायका नळावर रांगेत उभ्या असतात, बादल्या भरतात, कपडे धुतात, पण एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत. हे मौन सुरू व्हायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी बसलेली एक लहान मुलगी पालथ्या बादलीवर आमटी वाढायच्या डावाने तीन ठोके देते. म्हणजे ती घंटा झाली. घंटा आहे म्हणजे विधी आहे, आणि विधी आहे म्हणजे मागे काहीतरी फार जुनं आणि खोल असणार. या खोलात मौनाचार्य जे उतरले ते चारशे पानं घेऊनच वर आले. त्या पुस्तकावर ते डॉक्टर झाले, मग प्राध्यापक झाले, मग विभागप्रमुख झाले, आणि गेली चौतीस वर्षं तेच दळण दळत होते.

खरी गोष्ट एवढुशी होती. त्या वर्षी कारखान्यात संपाची कुजबुज चालली होती. कोण कुणाशी काय बोलतं हे मालकाने माणसं पेरून टिपून घेतलं होतं आणि सात जणांना घरी बसवलं होतं. अशा दिवसांत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस रोज सकाळी वही घेऊन नळाशी येऊन उभा राहायला लागला, तर गल्लीने काय समजायचं? गल्लीने त्याचं नाव वहीवाला ठेवलं आणि ठरवून टाकलं की वहीवाल्यासमोर तोंड उघडायचं नाही. गल्लीतल्या पहिल्या घरातल्या बाईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात डाव दिला, पुढे बादली पालथी घातली आणि सांगितलं, "वहीवाला वळणावर दिसला की तीनदा वाजव." वहीवाला दिसायचा, बादली वाजायची, आणि तोवर एकमेकींची उणीदुणी काढत खिदळणाऱ्या तीस-चाळीस बायका तोंडाला कुलूप लावायच्या. तो गेला की पुन्हा बाजार भरायचा. स्वतःच्याच येण्याने पडलेली शांतता वहीवाल्याने अठरा महिने टिपून घेतली. एखाद्या दिवशी दहा मिनिटं लवकर जाऊन मागच्या बाजूने डोकावावं, एवढी साधी गोष्ट त्या विद्वानाला सुचली नाही.

बादली वाजवणारी ती मुलगी म्हणजे ऑफिसबाई. घरी बसवलेल्या सात जणांत त्यांचे वडील होते.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बाईंचा नऊ वर्षांच्या असतानाचा फोटो होता. मांडीवर डाव, पुढे बादली आणि डाव्या भुवईतून आरपार गेलेली पांढरी रेघ. उकळत्या रंगाच्या पिंपात नको तिथे डोकावल्यामुळे शिंतोडा उडून ती रेघ पडली होती, आणि भाजलं म्हणून आईने जवळ घेण्याआधी पाठीत दोन रट्टे घातले होते. पुस्तकात पान दोनशे बारावर त्या रेघेला 'दीक्षेचं चिन्ह' म्हटलं होतं आणि खाली दीड पानाची तळटीप होती. ती तळटीप दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी बाईंनीच टाइप केली होती. त्यांच्या आईबद्दल तिथे लिहिलं होतं, 'ही स्त्री बहुधा शोकाने कायमची मूक झालेली असावी.' बाईंची आई गल्लीच्या एका टोकाला शिंकली तर दुसऱ्या टोकाचं मूल दचकायचं. ते वाक्य टाइप करताना बाईंना आधी हसू आवरेना, आणि मग कितीतरी वेळ रडू आवरेना.

नोकरी धरली तेव्हा हा विभाग कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी व्हरांड्याच्या वळणावर ती चाल दिसली, काखेतली वही दिसली, आणि बाईंनी टेबलावरचा स्टेपलर उचलून लोखंडी कपाटावर तीनदा आपटला. का आपटला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण कार्यालयाला ही युक्ती पसंत पडली. पुढे ते काम शिपाईमामांकडे गेलं. ठक ठक ठक झालं की गप्पा बंद, डबे बंद, माना खाली. मग मौनाचार्य दारात येत, समाधानाने चौफेर बघत आणि म्हणत, "किती शांत ऑफिस आहे हो आपलं." त्या माणसाने आयुष्यात बोलती खोली पाहिलीच नव्हती. रोज कुणाच्या ना कुणाच्या सुट्टीच्या अर्जावर सही करताना तो त्या भुवईसमोर उभा राहायचा आणि एकदाही त्याने वर बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे मुळात दिवा होता की नाही याचीच बाईंना शंका होती.

हे असं आणखी चौदा वर्षं चाललं असतं. मध्ये आली भाची.

भाची बाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी, हुशार आणि हट्टी. आजीच्या मांडीवर बसून तिने वहीवाल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि पुढे तेच पुस्तक अभ्यासाला लागल्यावर ती वर्गात इतकी हसली की तिला बाहेर काढण्यात आलं. तिथेच तिने संशोधनाचा विषय ठरवला, गल्लीतलं ते मौन भीतीचं होतं हे दाखवायचं. "दुसरा कुठलाही घे," बाईंनी तिला परोपरीने सांगितलं होतं, "जगात विषयांचा काय दुष्काळ पडलाय?" तिने ऐकलं नाही. विभागाच्या नियमाप्रमाणे त्या विषयाचे मार्गदर्शक मौनाचार्यच झाले. आडनावं वेगळी, त्यामुळे मावशी-भाचीचं नातं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहू द्यायचं असं दोघींनी ठरवलं होतं.

चौथ्या वर्षी भाचीने मुख्य प्रकरण लिहून दिलं. आजीचं अकरा तासांचं बोलणं तिने फोनवर घेऊन ठेवलं होतं. आजी मागच्या वर्षी गेली. प्रकरण परत आलं ते लाल शेऱ्यानिशी. 'एकच साक्षीदार, तीही मृत, वर संशोधिकेची आजी. या घरगुती गप्पा आहेत, संशोधन नव्हे. नोंदणी रद्द करण्याची शिफारस.' संशोधन समिती गुरुवारी बसणार होती. समितीने शिफारस मान्य केली की भाचीची चार वर्षं पाण्यात. एकदा रद्द झालेलं नाव नियमाप्रमाणे पुन्हा नोंदवायची सोयही नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी भाची बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. बाई भाजी चिरत होत्या आणि गरजेपेक्षा बारीक चिरत होत्या.

"मावशी, मी तुला मध्ये ओढणार नाही," भाची म्हणाली. "पण एक सांग. गुरुवारी तो घंटेचं विचारणार. भीती होती म्हणतेस, मग घंटा कशाला, असं. आजीच्या बोलण्यात फक्त 'पोरगी वाजवायची' एवढंच आहे. कशासाठी, ते ती कुठे बोललीच नाही. तिला वाटलं असेल, हे काय सांगायचं."

"मग म्हणावं, माहीत नाही."

"माहीत आहे ना पण. मला आहे, तुला आहे."

"अगं, माझी नोकरी आहे तिथे. अजून पंधरा वर्षं काढायचीत."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"म्हणत नाहीयेस, नुसती उभी आहेस. तेच वाईट." बाईंनी विळी बाजूला केली. "मी नऊ वर्षांची होते. अक्कल नव्हती म्हणून भीती नव्हती. आईने वाजव म्हटलं, वाजवलं. आता मला दोन्ही आहेत."

भाचीने भाजीचं ताट उचलून शेगडीजवळ ठेवलं आणि चपला घालून निघून गेली. बाईंना स्वतःची लाज वाटली. प्राध्यापकांना नावं ठेवण्यात त्यांनी चौदा वर्षं घालवली होती, पण ती सगळी मनातल्या मनात. वहीवाला निदान चुकीचं का होईना, मोठ्याने बोलत होता.

गुरुवारी समितीसाठी बाहेरच्या विद्यापीठातून तज्ज्ञ बाई आल्या, आणि ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास आल्या. विभागात ही गोष्ट पूर्वी कधी घडली नव्हती. मौनाचार्य अजून यायचे होते, म्हणून ऑफिसबाईंनी तज्ज्ञ बाईंना कार्यालयातच खुर्ची दिली. कार्यालयात तेव्हा ऐन रंगात आलेला वाद चालू होता. हिशेब बघणाऱ्या कारकुनाच्या मेव्हण्याने लग्नाचा फोटो काढणाऱ्याला जेवायला बसवायचं विसरून भलत्याच माणसाला आग्रह करकरून वाढलं, आणि तो माणूस शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचा निघाला. चूक मेव्हण्याची की जेवणाऱ्याची, यावर सगळे एकदम बोलत होते. तज्ज्ञ बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग त्याही मेव्हण्याच्या विरोधात बोलायला लागल्या. त्यांचंही हसू खोलीभर पसरलं होतं.

तेवढ्यात शिपाईमामांनी दारातून व्हरांड्याच्या वळणाकडे बघितलं आणि स्टेपलर कपाटावर तीनदा आपटला. वाक्यं अर्ध्यात तुटली, माना खाली गेल्या. एकट्या तज्ज्ञ बाई तोंड उघडं ठेवून सगळ्यांकडे बघत राहिल्या. मौनाचार्य दारात आले.

"अरे वा, आलात आपण," ते म्हणाले. "बघितलंत ना, किती शांत ऑफिस आहे. मी कुणाला कधी गप्प बसा म्हटलेलं नाही. ही इथली संस्कृतीच आहे."

"असं होय," तज्ज्ञ बाई म्हणाल्या, आणि कपाटाकडे बघत उठल्या. कपाटाच्या पत्र्यावर एकाच जागी चौदा वर्षांच्या ठोक्यांनी खळगा पडला होता.

बैठकीला पाच माणसं होती. मौनाचार्य, तज्ज्ञ बाई, नातेसंबंधवाले, देवाणघेवाणवाले आणि समोर भाची. ऑफिसबाई कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. त्यांना कुणी माणसांत धरलं नव्हतं. नातेसंबंधवाले मावशी आणि भाचीच्या बरोबर मधे बसले होते. दोघींची नाकं एका साच्यातून काढलेली, पण प्राध्यापकमहाशय समोरची बिस्किटं मोजत होते. देवाणघेवाणवाल्यांनी बशी आपल्या बाजूला ओढून घेतली होती.

भाचीने आपलं म्हणणं मांडलं. ती नीट बोलली, आवाज एकदाच हलला. मौनाचार्यांनी ते डोळे मिटून ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही, आणि मग सुरुवात केली. आधी त्यांच्या पदव्या झाल्या. मग अठरा महिने झाले. मग मौनाचे आठ प्रकार झाले, आणि सहाव्या प्रकाराशी तज्ज्ञ बाईंनी घड्याळ बघितलं.

"थोडक्यात सांगतो," मौनाचार्य म्हणाले. "ही मुलगी म्हणते, बायका भीतीने गप्प बसत. ठीक आहे, क्षणभर मानू. पण मग घंटेचं काय? रोज सकाळी एक विशिष्ट मुलगी, भुवईवर दीक्षेचं चिन्ह असलेली, तीन ठोके देते आणि मग मौन सुरू होतं. भीतीला घंटा नसते. विधीलाच असते. याचं उत्तर तुमच्या आजीबाईंच्या अकरा तासांत कुठे आहे?"

भाचीने कागद उलटला. तो कागद कोरा आहे हे फक्त कोपऱ्यातून दिसत होतं. तिने मान वर केली, आणि मावशीकडे अजिबात न बघता म्हणाली, "आजीच्या बोलण्यात ते नाही."

बाईंनी तेवढं लिहून घेतलं. 'विद्यार्थिनीने उत्तर नसल्याचे सांगितले.' आपल्याच अक्षरात लिहिलेलं ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. पोरीने शब्द पाळला होता. आता पुढची ओळ 'नोंदणी रद्द' अशी लिहायची होती, आणि तीही त्यांनाच. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"असते, सर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भीतीला घंटा असते. मीच वाजवत होते."

मौनाचार्यांनी आवाज कुठून आला म्हणून आधी दाराकडे बघितलं. "बाई, तुम्ही इतिवृत्त लिहा."

"लिहिते. पण आधी सांगते, मग लिहिते." बाई उभ्या राहिल्या. आवाज भलताच मोठा निघाला, आईचाच म्हणायचा. "आमच्या गल्लीत तुमचं नाव वहीवाला होतं. आम्हाला तुम्ही मालकाचा माणूस वाटायचात. माझ्या वडिलांची नोकरी तसल्याच वहीपायी गेली होती. तुम्ही वळणावर दिसलात की मी बादली वाजवायची आणि बायकांनी गप्प व्हायचं, असं ठरलं होतं. विधी नव्हता आणि मौनही नव्हतं. तुम्ही पाठ फिरवलीत की आई तुमच्या चालण्याची नक्कल करायची आणि सगळी गल्ली हसायची. आणि ही रेघ दीक्षेची नाही. मी पिंपात डोकावले होते."

तज्ज्ञ बाईंनी टेबलावरचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठ बघितलं, मग बाईंची भुवई बघितली. पुस्तक त्यांनी नातेसंबंधवाल्यांच्या हातात दिलं. त्यांनी फोटो बघितला, बाईंकडे बघितलं, भाचीकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नातं स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं. "या दोघी," ते म्हणाले, "एकमेकींच्या कुणीतरी लागतात."

"मावशी आहे माझी," भाची म्हणाली.

"म्हणजे पुन्हा घरचीच साक्षीदार," देवाणघेवाणवाले बिस्कीट चावत म्हणाले.

"मी घरची नाही," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आणि तासाभरापूर्वी मी हे स्वतः बघितलंय. तुमचं ऑफिस चांगलं गजबजलेलं होतं. तुम्ही वळणावर दिसलात, कपाट वाजलं आणि सगळे गप्प झाले. तुम्ही आत येऊन म्हणालात, ही इथली संस्कृती आहे. या मुलीचं प्रकरण मी काल वाचलं तेव्हा मला जरा ताणलेलं वाटलं होतं. आज वाटतं, तिने कमीच लिहिलंय."

मौनाचार्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यावर हळूहळू एक उजेड पसरला. बाई तो बघत होत्या. माणूस आता माफी मागणार की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं आणि त्यांचं मन जरा मऊही झालं. उगाचच झालं. मौनाचार्यांनी काखेतली वही काढून टेबलावर उघडली.

"विलक्षण," ते म्हणाले. "म्हणजे मुख्य माहितीदार चौदा वर्षं माझ्याच कार्यालयात होती. बाई, बसा. घंटा वाजवताना तुम्हाला नेमकं काय वाटायचं?"

"तुम्ही लवकर जावं असं."

त्यांनी ते लिहून घेतलं.

प्रकरण मंजूर झालं, नोंदणी दोन वर्षं वाढली, आणि तज्ज्ञ बाईंनी मार्गदर्शक बदलण्याची सूचना स्वतःच्या हाताने लिहून तिथल्या तिथे सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बाईंनी इतिवृत्त पूर्ण केलं आणि साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं, तारखेसकट. बाहेर भाचीने त्यांना व्हरांड्यातच मिठी मारली. "आता पुरे, लोक बघतायत," बाई म्हणाल्या, पण त्यांनी तिला सोडलं नाही.

शुक्रवारी सकाळी शिपाईमामांच्या हातून मौनाचार्यांचा नवा कागद आला. संशोधनाच्या आवडींत एक भर होती: 'संशोधकाच्या उपस्थितीने निर्माण होणारे मौन, एक नवी मांडणी.' खाली चिठ्ठी होती. 'बाई, पाचच बसतात ना? मग जुन्यांतली कुठलीही एक तुम्हीच काढा. मला सगळ्या सारख्याच.'

"चोर," भाची म्हणाली. ती चहाला आली होती. "माझंच वाक्य आहे ते."

"कालच्या इतिवृत्तात ते तुझ्या नावावर आहे. वेबसाइटवर काय वाट्टेल ते मिरवू दे त्याला," बाई म्हणाल्या. कोडगेपणाला औषध नसतं हे त्यांना कालच कळलं होतं. त्यांनी पडद्यावर मौनाचार्यांचं पान उघडलं, सहा आवडी एकाखाली एक वाचल्या, आणि 'ऐकण्याची कला' खोडून पान जगासाठी खुलं केलं.

मग त्यांनी खुर्ची फिरवली. मेव्हण्याच्या गोष्टीचा शेवट कालपासून राहून गेला होता, आणि बाईंकडे त्याच्या वरताण एक गोष्ट होती, आईची आणि नळावरच्या भांडणाची. त्यांनी ती सांगायला घेतली. खोली रंगली. शिपाईमामांनी वळणाकडे बघितलं आणि सवयीने स्टेपलर उचलला.

"राहू द्या, मामा," बाई म्हणाल्या. "आज वाजवायचं नाही."

मौनाचार्य दारात येऊन उभे राहिले. समोर आठ माणसं बोलत होती, हसत होती, कुणी टेबलावर हात आपटत होतं. ते एक पाऊल मागे गेले, दारावरची पाटी वाचली, खोली आपलीच असल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा आत आले.

"इथे काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर. रोज असंच असतं," हिशेबाचा कारकून म्हणाला.

मौनाचार्यांनी लगबगीने काखेतली वही काढली आणि उघडली. वही दिसल्याबरोबर कारकून गप्प झाला. मग त्याच्या शेजारची टायपिस्ट, मग शिपाईमामा, मग खिडकीजवळचे दोघे. भाचीचा कप तोंडाशीच राहिला. खोली जागच्या जागी विझली आणि मौनाचार्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं समाधान आलं.

बाई मात्र सांगत राहिल्या. नळावर कोण कुणाला काय म्हणालं, कुणाची बादली कुणी लाथाडली, आणि त्यावर आई काय म्हणाली, ते सगळं त्यांनी आईच्याच आवाजात सांगितलं. व्हरांड्याच्या वळणापर्यंत ऐकू जात होतं. मौनाचार्य उघडी वही हातात धरून त्या गप्प व्हायची वाट बघत राहिले.